लेमूर, आजी आणि माझा खोकला

माझी पीएचडी मादागास्करच्या लेमूरवर आहे म्हटल्यावर ओहायोतल्या डब्लिनचे काका म्हणाले होते, "म्हणजे माकडं मोजायला अमेरिकेत आलास?" मग माझ्या गाइड बाईंनी त्यांना स्लाइड दाखवली, 'जंगल गावाचं, निर्णय गावाचा', आणि काका विरघळले. एका शनिवारी सकाळी त्यांच्याच घरी प्रोग्रॅम ठेवला. टीव्हीवर मादागास्करहून व्हिडिओ कॉल, त्यात गावच्या जंगल समितीच्या प्रमुख आजी. पाहुण्यांच्या हातात साबुदाण्याची खिचडी. भाषांतराला मी, कारण गेल्या वर्षी त्याच जंगलात अँटेना घेऊन कॉलर लावलेले लेमूर शोधत फिरताना त्यांची भाषा शिकलो होतो.

नकला करायची खोड असली की भाषा लवकर येते. उदगीरच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून मार खाल्लाय, लेमूर तर किरकोळ. गाइड बाईंच्या हुकमावरून मी लेमूरची हाक काढली. काकूंचा कुत्रा सोफ्याखाली. टाळ्या.

मग आजी बोलल्या, "पिल्लं आईच्या पाठीवरून उतरेपर्यंत जंगल बंद. बाहेरून येणाऱ्यांना बंद, आणि ह्यालाही."

'ह्याला' म्हणजे मला! हा सीझन गेला की पीएचडी वर्षभर पुढे. ती भाषा कळणारा मी एकटाच होतो यार. घसा खाकरून म्हटलं, "आजी म्हणतात, जरा जपून या."

सगळ्यांनी गोड हसून माना हलवल्या. तिकडे आजींना शंका आली. "बंद म्हटल्यावर हे हसतात कशाला? नीट सांगितलंस ना रे?"

उत्तराची वाट न बघता आजी उठल्या. पाय आपटत चालल्या, फांदीत अडकल्या, अँटेना डोक्यावर धरून गोल फिरल्या, खोकल्या, आणि झाडाकडे बघून म्हणाल्या, "सॉरी, सॉरी!"

"अगं बाई, हा तर हाच!" काकू माझ्याकडे बोट दाखवून ओरडल्या.

मग आजी लेमूरची आई झाल्या. पिल्लू कवटाळलं, दचकल्या, पळाल्या. परत येऊन कॅमेऱ्यासमोर दोन्ही हातांची फुली केली. त्याला भाषांतर लागलं नाही. मी मान खाली घालून खरं काय ते सांगितलं.

गाइड बाई कुजबुजल्या, "विचार ना, फक्त दोन आठवडे?"

"पण स्लाइडवर तर लिहिलंय, निर्णय गावाचा," काका खिचडी खात म्हणाले.

"हो, पण असला नाही ना!" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

तरी मी विचारलं. आजी म्हणाल्या, "तुझी परीक्षा पुढे ढकला म्हणायला मी येते का तुझ्या कॉलेजात?"

आता मी लॅबमध्ये बसून गेल्या वर्षीची रेकॉर्डिंग ऐकतो. आईची हाक, पिल्लाचं उत्तर. मग माझे बूट. खोकला. 'सॉरी, सॉरी.' पुढे पंधरा मिनिटं चिडीचूप.

खोकला मात्र आजींनी डिट्टो काढला होता.