दोन्ही बाजूंचे भाऊ

न्यायबुद्धीने माणसाचं वाटोळं होऊ शकतं यावर ज्यांचा विश्वास नसेल, त्यांनी एकदा डहाणूला येऊन आमच्या साडूंना भेटावं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, हे यजमान. उभी हयात रेल्वेच्या पार्सल ऑफिसात घालवून निवृत्त झाले, आणि घरचे-बाहेरचे सगळेच त्यांना भाऊ म्हणतात. अन्यायाची चीड भाऊंइतकी मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. अडचण एवढीच, की ही चीड त्यांना दोन्हीकडून येते. भांडणातला एक जण बोलू लागला की त्याच्यासाठी भाऊंचं रक्त उसळतं, आणि दुसऱ्याने तोंड उघडलं की त्याच्यासाठीही तेच रक्त तितकंच उसळतं. शेवटी दोघंही आपलं भांडण सोडून भाऊंवर उलटतात. घरचे आम्ही सगळे रक्तदाबाच्या गोळ्या खातो, भाऊंना कसलीही गोळी नाही.

या दुखण्याचं मूळ एका पत्र्याच्या ट्रंकेत आहे. बदली होऊन गेलेल्या एका स्टेशनमास्तरने ती भाऊंकडे सोडली. आत काय, तर शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज नाटककाराची यच्चयावत नाटकं आणि कादंबऱ्या. भाऊ त्याला 'आपला साहेब' म्हणतात, जणू तो डहाणू स्टेशनातच कामाला होता. संप, तुरुंग, कोर्टकचेरी, गरिबाला एक कायदा आणि बंगलेवाल्याला दुसरा, असले विषय. कादंबऱ्यांमध्ये घरं, इस्टेटी आणि त्यांच्यापायी आतून वाळून गेलेली माणसं. "आपल्या साहेबाकडे दुष्ट माणूसच नाही," भाऊ बजावून सांगतात. "मालकही आपल्या जागी बरोबर आणि मजूरही आपल्या जागी बरोबर. निकाल तो देतच नाही." साहेब नाटक लिहून मोकळा झाला. त्याच्या या शिकवणीने डहाणूत काय काय होणार आहे, हे त्याला कोण सांगणार?

नोकरीत असताना एकदा घोलवडच्या एका बागायतदाराचे चिकू गाडीत चढवायचे होते. वजनाच्या कागदात काहीतरी चूक निघाली. बागायतदार ओरडला, "माल नासेल!" भाऊंना ते पटलं. गार्ड म्हणाला, "कागद नाही तर माल नाही." तेही पटलं. भाऊ दोघांच्या मधे उभं राहून एकमेकांची व्यथा समजावून सांगत राहिले आणि गाडी निघून गेली. ताईंची मासेवालीशी घासाघीस सुरू झाली की भाऊ पेपर टाकून दारात येणार, आधी घर चालवणाऱ्या बाईच्या ओढाताणीवर बोलणार आणि मग पहाटे बंदरावर उभ्या राहणाऱ्या बाईच्या कष्टांवर. मासेवालीने एकदा टोपली उचलत ताईंना सुनावलं, "आधी तुमचा मालक कोणाचा हाय तो ठरवा, मग बोंबील मागा." मुलीच्या लग्नाच्या बैठकीत तर हद्द झाली. भाऊंनी मुलाकडच्यांच्या अपेक्षा इतक्या कळवळून मांडल्या, की व्याह्यांना शरम वाटली आणि ते मुलीकडून बोलू लागले. ते लग्न अजून उत्तम चाललं आहे. पण त्या बैठकीत कोण कोणाचा बाप होता हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

वाचनालयाच्या वार्षिक समारंभात भाऊंनी साहेबाचं एक नाटक मराठीत आणून बसवलं. मजूर, मालक, कोर्ट, सगळं झालं, दोन्हीकडची जोरदार भाषणं झाली आणि पडदा पडला. लोक जागचे हलेनात. शेवटी पहिल्या रांगेतले निवृत्त तलाठी उठून म्हणाले, "चूक कोणाची ते राहिलं." भाऊ मिशी लावलेल्या अवस्थेत तरातरा पुढे आले. "ते तुम्ही ठरवायचं! घरी जा आणि विचार करा!" तलाठ्यांनी विचारलं, "म्हणजे वर्गणी आम्ही द्यायची आणि निकालही आम्हीच लावायचा?" सभागृह हसलं, मीही हसलो. तेव्हा हसलो याचा मला आता राग येतो.

कारण गेल्या हिवाळ्यात हा प्रकार नाटकात राहिला नाही. घोलवडला भाऊंच्या स्नेह्याची, एका गुजराती शेठची, चिकूची वाडी आहे. सकाळचा चहा झाला की भाऊ तिथल्या पॅकिंगच्या शेडमध्ये जाऊन बसतात. शेडमध्ये देवकी नावाची बाई अकरा वर्षं कामाला होती. गंजाडहून दोन गाड्या बदलून यायची. चिकू धुवायचे, पंख्याखाली सुकवायचे, निवडायचे, मग खोक्यांत भरायचे, हे तिचं काम. फळ ओलं राहिलं तर खोक्यातच बुरशी धरतं हे त्या शेडमधल्या भिंतींनासुद्धा ठाऊक. एके दिवशी ट्रकवाला घाई करू लागला, हॉर्नवर हॉर्न. मुकादम म्हणाला, "भरा तसेच." देवकी सगळ्यांदेखत म्हणाली, "ओले हायत अजून, भरू नका." मुकादम खेकसला आणि खोकी भरली गेली. भाऊ तीन हातांवर स्टुलावर बसून हे ऐकत होते.

माल दिल्लीला पोचला तो अर्धा नासून. मुकादमाने सरळ देवकीकडे बोट दाखवलं. शेडमधल्या बाकीच्या बायकांना म्हणे काही आठवेना, आणि त्यांना तरी काय दोष द्यावा, त्यांनाही दुसऱ्या दिवशी कामावर यायचं होतं. शेठने सगळ्यांना सकाळी बंगल्यावर बोलावलं. मी त्या दिवसांत डहाणूला भाऊंकडेच उतरलो होतो. आदल्या संध्याकाळी देवकी भाऊंच्या घरी आली. आत ये म्हटलं तरी आली नाही, पायरीवरच उभी राहिली. "भाऊ, मी बोलले ते तुम्ही ऐकलंत ना? तेवढंच सांगा. जास्ती काय नको." भाऊंनी छातीवर हात ठेवला. "अगं, सांगणार म्हणजे काय, सांगणारच." ती गेल्यावर त्यांनी मला सगळी हकिगत संतापून सांगितली. मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला होता.

सकाळी बंगल्याच्या ओट्यावर शेठ झोपाळ्यावर बसले होते. एका बाजूला मुकादम, दुसऱ्या बाजूला देवकी, खुर्च्यांवर भाऊ आणि मी. शेठ म्हणाले, "भाऊ, तुम्ही तो तिथेच होता ने? बोला." भाऊ उठून स्वच्छ आवाजात म्हणाले, "देवकीने सांगितलं होतं. ओले आहेत, भरू नका, असं तिने सांगितलं. मी कानांनी ऐकलं." देवकीने डोळे मिटून घेतले. शेठ मुकादमाकडे वळले आणि मुकादमाचा चेहरा पार उतरला. झालं, तिथेच घात झाला! भाऊ तेव्हाच खाली बसले असते तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण उतरलेला चेहरा त्यांना दिसला, आणि ते पुन्हा बोलू लागले. "पण शेठ, मुकादमाचंही ऐका. डोक्यावर हॉर्न वाजत असला की माणसाचं काय होतं, हे मी नोकरीभर भोगलंय. तुमचंही नुकसान झालं, तुमचीही बाजू आहेच. आणि देवकी ओले आहेत म्हणाली हे खरं, पण म्हणून झाल्यावर भरले तिनेच. हात तिचेच होते."

"बस," शेठ म्हणाले. "एटलंच पाहिजे होतं." त्यांची सुटका झाल्यासारखी दिसली. मुकादम रोज लागणारा माणूस, त्याच्यावाचून वाडी चालत नाही. देवकीवाचून चालणार होती. तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

घरी जाताना मी भाऊंना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुमचा साहेब गेला खड्ड्यात, इथपर्यंत गेलो. तुम्हाला न्याय नको, तुम्हाला दोन्हीकडची भाषणं हवीत, असंही म्हणालो.  दुसऱ्या दिवशी भाऊ एकटेच शेठकडे गेले आणि म्हणाले, "देवकीची चूक नाही. बाकी मला काही म्हणायचं नाही." शेठ हसले. "भाऊ, काल एक बोलता, आज बीजुं बोलता?" तिच्या जागेवर दुसरी बाई बसलीही होती.

त्यानंतरच्या रविवारी भाऊ मला म्हणाले, "गंजाडला येता का? मला एकट्याला जमणार नाही." गेलो. देवकीने अंगणात खाट टाकली, कोरा चहा दिला. आता तलासरीकडच्या एका कारखान्यात जाते म्हणाली, उजाडायच्या आत निघावं लागतं. भाऊ हात जोडून काहीतरी पुटपुटले.  तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती अगदी समजुतीने म्हणाली, "तुम्ही खोटं नाय बोललात, भाऊ. खोटं बोलले असते ना, तर मी भांडले असते तुमच्याशी. तुमच्या खऱ्याशी मी कशी भांडू?"

आम्ही सडकेवर येऊन रिक्षाची वाट पाहत उभे राहिलो. भाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मी मनातल्या मनात पुन्हा संतापायची तयारी करत होतो. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले. "एक विचारू? पायरीवर ती बोलली तेव्हा तुम्हीही होतात. रात्री मी सगळं सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. ओट्यावर तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात. तुम्ही का नाही बोललात?"

त्यात टोमणा नव्हता, उलट वार नव्हता. टोमणा मारणं भाऊंना येतच नाही. माझीही काही बाजू असणार अशी त्यांची खात्री होती, आणि ती त्यांना मनापासून समजून घ्यायची होती. मान किंचित कलती करून ते थांबून राहिले. मी खूप शोधलं. परका गाव, शेठ ओळखीचे, हातात चहाचा कप, एवढंच सापडलं, आणि ते मला त्यांच्यासमोर बोलवेना.

रिक्षा आली. आधीच भरलेली होती. भाऊ एका कडेला अंग चोरून बसले आणि माझ्यासाठी शेजारची जागा हाताने झटकून त्यांनी मला आत घेतलं.