पाती मोजणारे सर्जनकाका

हरणाला हात लावण्याआधी सर्जनकाका मोठ्याने म्हणायचे, "सुरी एक, पाती सहा." काम संपलं की पुन्हा तेच. वापरलेली पाती खोकल्याच्या गोळ्यांच्या जुन्या डबीत जायची. आकडा जुळल्याशिवाय लार्डरमधून, म्हणजे हरणं टांगून सोलायच्या त्या थंडगार खोलीतून, कुणी बाहेर पडायचं नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाची ही खोड. इस्टेटीचा कीपर, म्हणजे तिथलं रान नि हरणं सांभाळणारा ॲलन, गालातल्या गालात हसायचा, पण थांबायचा.

मी तेव्हा स्कॉटलंडमधल्या एका लहान गावी सॉफ्टवेअरच्या कॉन्ट्रॅक्टवर होते. आसपास मराठी घर एकच, काका-काकूंचं. डोंगरावर हरणं फार वाढली की हिवाळ्यात काही मारावी लागत. काकांनी बंदूक कधी धरली नाही. निवृत्तीनंतर ते फक्त सोलायचं नि कापायचं काम करायला जात. मी एकदा बघायला म्हणून गेले आणि तिथलीच झाले. कोल्हापूरच्या घरात वाढलेली, त्यामुळे मटणाचं मला नवल नव्हतं. नवल वाटलं ते काकांच्या हातांचं. कातडी अशी सुटून यायची की आत कुठे ओरखडा नाही.

त्यांची सुरी तेव्हा नुकत्याच मिळू लागलेल्या बदलत्या पात्यांची होती. ॲलन आपली सुरी दगडावर घासत बसायचा, काका बोथट पातं पकडीने काढून नवं चढवायचे. बोटांनी कधीच नाही. "बोथट पात्याला जोर लागतो, आणि जोर लावला की हात घसरतो," म्हणायचे. आणि मला दर वेळी बजावायचे, "हे कातडीचं पातं आहे. सांध्यात घालायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. तिथे जाड सुरी घे."

सुरुवात करण्यापूर्वी ते हरणाच्या मानेवर क्षणभर हात ठेवत. "काका, पेशंट वाटतो का?" मी एकदा चिडवलं. "नाही गं. पेशंट बरा होऊन घरी जायचा," ते म्हणाले. मी परत कधी चिडवलं नाही.

एका शनिवारी ते बाहेर ॲलनशी बोलत होते आणि मला घाई झाली होती. जाड सुरी पलीकडच्या टेबलावर होती. चार पावलांचा कंटाळा केला आणि पातळ पातं गुडघ्याच्या सांध्यात घालून पिळलं. टक् असा आवाज झाला. टोक गेलं, नखाएवढं. शोधलं, सापडलं नाही. काका आत आले तेव्हा मी तुटकं पातं डबीत टाकलं होतं. "सहा," मी म्हणाले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून डबी उघडली नाही.

मांसाचे तुकडे करून आम्ही गावच्या हॉलवर दिले. रविवारी तिथे म्हाताऱ्या माणसांचं जेवण असायचं. घरी येताना गाडीत मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. काका रागावले नाहीत. पुढच्या फाटकाशी गाडी वळवली आणि एवढंच म्हणाले, "कुणाच्या तरी पोटात जाणार आहे ते."

मांस परत आणलं. टोक मिळालंच नाही. अख्खं हरीण फेकावं लागलं. ॲलनचा चेहरा उतरला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका म्हणाले, "माय फॉल्ट, ॲलन. माझा हात हलला." ॲलन त्यांच्या हातांकडे बघत राहिला.

"असं का केलंत?" मी गाडीत रडतच विचारलं. "तुझं नाव घेतलं असतं तर त्याने तुला पुन्हा तिथे उभं केलं नसतं. तुला अजून शिकायचंय, माझं शिकून झालं. आणि काकूला बोलायचं नाही. ती ॲलनला सांगून मोकळी होईल."

पुढच्या आठवड्यात ॲलन अगदी अदबीने म्हणाला, "डॉक, या थंडीत तुम्ही कशाला त्रास घेता?" काका समजले. डॉक्टरांचा हात हलतो ही बातमी गावात पोहोचली, घरातही. काकूंनी गाडीची किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली. मी दोन महिने लार्डरमध्ये जात राहिले. मग लंडनजवळ क्रॉयडनला पर्मनंट नोकरी मिळाली आणि मी गेले. त्यांनी स्वतःची जागा देऊन माझी राखली होती, आणि मी ती सोडून दिली. फोनवर म्हणाले, "छान झालं. नोकरी महत्त्वाची." हे वाक्य आठवलं की मला आजही स्वतःची लाज वाटते.

तीन वर्षांनी काका गेले. अंत्यविधी झाल्यावर स्वयंपाकघरात काकू आणि मी दोघीच होतो. मी त्यांना सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता.

"म्हणजे त्यांचे हात थरथरत नव्हते?"

"नाही काकू. पातं मी तोडलं."

त्या खुर्चीवर बसल्या.

"मी त्यांचा चहाचा कप अर्धाच भरायचे गं," त्या म्हणाल्या. "सांडेल म्हणून. तीन वर्षं. आणि ते का म्हणून न विचारता तो संपवून उरलेला अर्धा मागून घ्यायचे."