थिएटरचा उतार

साखरेच्या आजारानं आईची नजर कमी होत चाललीय. गेलेली परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. टीव्हीवरची माणसं तिला आता नुसती हलताना दिसतात, चेहरे नाहीत. एक दिवस म्हणाली, "नगरच्या थेटरात न्ये मला. तिथली मानसं मोठी असत्यात. ती दिसत्याल."

मी मॉलमधलं सुचवलं, तर तिनं ऐकलंच नाही. वडील राहुरीहून कांदा घेऊन नगरला यायचे तेव्हा ती सोबत असायची. माल विकला की दोघं त्याच थिएटरात दुपारचा खेळ बघायची, वडील पुरुषांत आणि ती बायकांच्या रांगेत. मीही तिच्या मांडीवर बसून पहिला सिनेमा तिथंच पाहिला, आणि पहिल्याच मारामारीला भोकाड पसरलं म्हणे. त्यामुळे कुठला खेळ लागलाय याची मी चौकशीसुद्धा केली नाही. थिएटर काय कुठं पळून जातंय, अशा तोऱ्यात होते मी.

माळीवाडा स्टँडवर उतरून रिक्षा केली. गेट तेच होतं. तिकिटाच्या खिडकीत एक माणूसही बसलेला होता.

"दोन द्या. बायकांकडची," मी म्हणाले.

"गाडी कुठाय?" त्यानं विचारलं.

"गाडी नाही. सिनेमाला आलोय."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग त्यानं आत बोट दाखवलं.

आत छप्परच नव्हतं. चार भिंतींच्या मध्ये रखरखीत ऊन, आणि खुर्च्यांच्या जागी गाड्या. उतारावरून घसरू नयेत म्हणून चाकांना विटा लावलेल्या. केवढं मोठं वाटायचं हे सगळं, आणि जागा होती एवढीशी. संताप आला, पण कुणाचा ते कळेना.

आईला यातलं काहीच कळलं नव्हतं. पायाखाली उतार लागला तसा तिचा चेहरा खुलला. "आलो बघ. लई पुढं नको, मान दुखती. हितंच बसू." खुर्चीची पाठ धरायला तिनं हात पुढं केला. तो एका गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर पडला.

तिनं हात झटकन मागं घेतला. "पोळलं की गं. आन् एवढा उजेड कसा? दारं लावली न्हाईत व्हय?"

"आई, थिएटर बंद झालंय. छप्पर काढून इथं आता गाड्या लावतात."

तिनं पडदा असायचा त्या भिंतीकडं तोंड केलं. मी पुन्हा मॉलचं काढलं. तिथलाही पडदा मोठाच असतो, म्हणाले.

"तिथवर जायाला डोळं लागत्यात," ती म्हणाली. "हितलं समदं पायाला ठावं हुतं."

मग माझा हात सोडून ती वळली आणि गाड्यांच्या मधून एकटीच चढ चढत गेटाकडं निघाली, कुठंही न अडखळता. विटेला ठेच लागली ती मला.