अणुभट्टी कक्ष, तिसरा मजला, घाटकोपर

सरकारी कचेरीत फाइल वर्षभर जागची हलत नाही, पण किस्सा मात्र जेवणाच्या सुट्टीआधी तळमजल्यावर पोचलेला असतो! आमच्या कक्षात तर किश्श्यांचा नुसता ढीग साचलाय. काम भारदस्त: छोट्या अणुभट्ट्या कुठे बसवता येतील याचं नियोजन, म्हणजे एक लाइन तुटली म्हणून अख्खा भाग अंधारात जाणार नाही. माणसं मात्र तीनच. कक्षप्रमुख परबसाहेब, मूळचे मालवणचे; इंजिनियर वैशाली; आणि नकाशे काढणारा मी. शिवाय चहावाल्या लतामावशी.

परबसाहेबांच्या रिटायरमेंटला दोन महिने राहिले होते आणि त्यांचं एक दुखणं होतं. सगळ्या नोकरीत त्यांनी केलेली एकही योजना कपाटाबाहेर पडली नव्हती. "ही शेवटची रे. ही तरी बाहेर पडूंदे," म्हणायचे. ऐकून आम्हाला वाईट वाटायचं.

*

एकदा वरून मोठे अधिकारी आले. विषय होता, वीज गेली तरी शहर कसं चालू ठेवायचं. वैशालीने पहिली स्लाइड लावली आणि लाइट गेली!

"इन्व्हर्टर! इन्व्हर्टर!" परबसाहेब ओरडले. सगळीकडे काळोख. फक्त शेजारच्या खोलीतून किटली उकळल्याचा आवाज येत होता. इलेक्ट्रिशियनला पटवून मावशींनी इन्व्हर्टरवर फक्त त्या विजेच्या किटलीचं कनेक्शन घेतलं होतं.

"साहेब, मीटिंग काळोखात होते," मावशी म्हणाल्या. "चहा नसला तर माणसं उठून जातात!"

अधिकारी दोन कप पिऊन तासभर बसले. वैशालीने सगळं तोंडी समजावलं. जाताना ते म्हणाले, "या चहावाल्या बाईंचं नियोजन अहवालात घ्या." आम्ही घेतलं.

*

मी अणुभट्टीच्या कामावर आहे हे कळल्यापासून माझी आई मला आंघोळीशिवाय घरात घेत नाही.

"अगं, मी फक्त नकाशे काढतो!"

"मग नकाशे बाहेर ठेव!"

चारकोपच्या आमच्या सोसायटीत उलटा प्रकार. सेक्रेटरींनी मला जिन्यातच गाठलं. "छोटी असते ना? मग टाकीशेजारी बसेल की! लिफ्टचं बिल तरी वाचेल." मी नाही म्हणेपर्यंत विषय वार्षिक सभेत गेलासुद्धा. वरच्या मजल्यावाल्यांनी कडाडून विरोध केला. मला वाटलं, चला, कुणाला तरी सुरक्षेची काळजी आहे. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "वजन नको. आधीच स्लॅब गळतोय!"

*

लोकांना दाखवायला मॉडेल हवं होतं. साकीनाक्याचा एक वर्कशॉपवाला स्वस्तात करून देतो म्हणाला. तो गणपतीचे देखावे करतो, हे आम्हाला नंतर कळलं.

मॉडेल आलं. झकास होतं! त्याने बटण दाबलं. पडदा सरकला, लाल दिवे लागले आणि अणुभट्टीतून भसाभस धूर निघाला. परबसाहेब खुर्चीतून उठलेच.

"अहो, धूर कशाला?"

"साहेब, धुराशिवाय देखाव्याला बक्षीस मिळत नाही!"

"दादा, या धुराला मोर्चा मिळेल," वैशाली म्हणाली.

दोन दिवसांनी तो मॉडेल दुरुस्त करून घेऊन आला. धूर काढला होता. रिकामं वाटायला नको म्हणून भोवती फिरणारी हरणं बसवली होती. ती काढायला मात्र आमच्याकडे वेळ नव्हता.

*

आता कोळीवाड्याचा किस्सा. आमच्या यादीत खाडीकाठची एक जागा होती, जुन्या बंद पडलेल्या वीजकेंद्राची. अणुभट्टी थंड करून गरम झालेलं पाणी खाडीत सुटणार, म्हणून आधी खाडीच्या पाण्याची पाहणी करायला हवी. पाणी कोळ्यांचं, होड्या त्यांच्याच. याआधी दोन पथकांना त्यांनी हात जोडून परत पाठवलं होतं. आता नाही म्हणाले की फाइल बंद आणि परबसाहेब घरी.

साहेबांनी सगळी छापील उत्तरं पाठ केली. सभेला हॉल भरला. पोरं हरणांभोवती जमली, मोठी माणसं हाताची घडी घालून बसली. मग काशीबाई नावाच्या मासळीवाल्या मावशी उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमचं गरम पानी खाडीत आलं तं आमची मासली ऱ्हाल का?"

उत्तर कागदावर होतं: 'परिणाम नगण्य.' वैशालीने त्यावर बोटही ठेवलं. साहेबांनी कागदाकडे पाहिलं, काशीबाईंकडे पाहिलं, कागदाची घडी घालून खिशात टाकली.

"बाई, माका म्हायत नाय."

वैशालीने कपाळाला हात लावला.

"खरंच माहीत नाही. तेच बघायला पाणी मोजायचंय. तुम्ही होडीत घेतलं नाही तर मला कळणार नाही, आणि तुम्हालाही नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. "कलवू," एवढंच कोळीवाड्याचे पंच म्हणाले. आम्ही मॉडेल उचलून जीपमध्ये बसलो.

"वाट लागली यार," मी वैशालीला हळूच म्हटलं.

पुढच्या सीटवरून आवाज आला, "लागूंदे. खोटा तरी नाय बोललंय."

मला त्या क्षणी साहेबांचा फार अभिमान वाटला आणि तितकंच वाईटही. आठवडा गेला. साहेब टेबलाचे खण आवरायला लागले.

आणि एका दुपारी काशीबाई स्वतः तिसरा मजला चढून आल्या. बोंबलांची पाटी लतामावशींच्या हवाली केली आणि कमरेची पिशवी सोडून पंचांच्या सह्यांचं पत्र साहेबांच्या पुढ्यात ठेवलं. साहेबांनी ते वैशालीकडे सरकवलं आणि तिने मोठ्याने वाचलं.

"पाण्याच्या पाहणीस परवानगी आहे. होड्या आम्ही देऊ. अट एकच. माहीत नाही म्हणणारा साहेब पाठवावा. माहीत असलेले दोन येऊन गेले."