अंगणातला ब्लॉक

मुंबईला बिऱ्हाड करायचं की नाही, हे आमच्याकडे नवऱ्याच्या हातात नव्हतं आणि माझ्या तर नव्हतंच नव्हतं. ते होतं सासूबाईंच्या हातात. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. माझे यजमान कारकून. त्यांची कचेरी नागपूरहून मुंबईला हलली तेव्हा तेही गेले, आणि मी समुद्रपूरजवळच्या आमच्या खेड्यात राहिले. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघीच, एक हुकूम सोडणारी आणि एक धुसफुसणारी.

मग पत्र आलं. ब्लॉक मिळाला होता. तिसरा मजला, एक खोली बारा फूट बाय दहा, दुसरी त्याहून लहान, नळ घरात. पत्र सासूबाईंच्या नावानं, वाचणारी मी. 'आई, तू हो म्हणशील तर हिला न्यायला येतो' हे वाक्य मी दोनदा वाचलं, जरा मोठ्यानं.

"बहिरी नाई मी," सासूबाई म्हणाल्या. "बारा बाय दहा म्हंजे केवढं?"

मी हातानं दाखवलं, पण त्यांचा विश्वास बसेना. शेवटी शिंप्याकडून टेप मागवली, दिवाळीचा उरलेला चुना काढला आणि भर अंगणात त्यांनी माझ्याकडून ब्लॉक आखून घेतला. दोन खोल्या, मधे भिंत, पुढे एक दार. आखून झाल्यावर त्या कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या.

"एवढ्यात तं आपली बैलजोडी बी उभी राहात नाई. आठ दिवस राहून दाखव याच्यात. राहिली तं जाजो. नाई तं लिवजो त्याले, बायको येत नाई म्हना."

माझंही डोकं फिरलं. माहेरी मला हट्टी म्हणायचे ते काही उगाच नाही. मी म्हटलं, "आठ काय, पंधरा दिवस राहते!" म्हटलं आणि जीभ चावली. पण त्यांनी आठच धरले, हे त्यांचे उपकार.

सकाळी उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत रेघांच्या आत राहायचं, स्वयंपाक आतच, जेवण आतच. रात्री मात्र घरात निजायची मुभा होती, कारण दव पडतं, आणि मुंबईत छप्पर असतं हे सासूबाईंनाही मान्य होतं. मी शेगडी, पेटी, पाटा-वरवंटा, डाळीची पिंपं सगळं आणून मांडलं. दुपारपर्यंत निम्मं परत नेलं, कारण मलाच उभं राहायला जागा उरेना.

गावाला तर करमणूकच झाली. शेजारच्या काकू वाटीभर भाजी घेऊन सरळ आल्या. मी म्हटलं, "काकू, तुम्ही भिंतीतून आलात." "अवो माय!" म्हणून बिचाऱ्या उलट्या पावली बाहेर गेल्या आणि वळसा घालून दारातून आल्या. दुसऱ्या दिवसापासून दाराशी उभ्या राहून तोंडानं "खट खट" म्हणायच्या. मी "कोण आहे?" विचारेपर्यंत आत पाऊल टाकत नसत. कोंबड्यांना मात्र हे कोण समजावणार? त्यांना हाकलताना माझ्या नाकी नऊ आले.

सासूबाई ओट्यावर बसून नवी नवी संकटं काढत.

"नळ आटला तं?"

"खालून आणीन."

"तिसरा मजला हाये. आण मंग."

म्हणजे विहिरीवरून घागर आणायची आणि ती कडेवर घेऊन माळ्याची शिडी तीनदा चढायची-उतरायची, तेव्हा पाणी घरात आलं असं धरायचं. मी तेही केलं. तिसऱ्या खेपेला अर्धी घागर माझ्याच अंगावर सांडली, तेव्हा काकू कुंपणाला धरून हसत होत्या. अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण रेघ सोडून मी घरात लुगडं बदलायलासुद्धा गेले नाही. तशीच उन्हात उभी राहून वाळले.

आठव्या दिवशी दिवेलागण झाली. मी पदराला हात पुसत उभी राहिले. जिंकले होते. सासूबाई ओट्यावरून उतरल्या, दारातून आत आल्या. सगळीकडे नजर फिरवली.

"बरं लावलं वं," म्हणाल्या. माझा आनंद पोटात मावेना. मग त्यांनी हळूच विचारलं, "आन मी आली तं कुठं निजीन?"

आठ दिवस त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. रात्री निजायचं नव्हतं म्हणून ते राहून गेलं, अशी आता नुसती सबब सुचली, आणि तीही खोटी होती. यजमानांची खाट कुठं घालायची हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. केरसुणीलासुद्धा कोपरा ठेवला होता. सासूबाई माझ्या डोक्यातच आल्या नव्हत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सासूबाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत. शेगडी आणि पेटीच्या मधे खाली बसल्या आणि सरळ आडव्या झाल्या. उंच बाई, पाय चुन्याची रेघ ओलांडून वीतभर बाहेर गेले.

"पाय तं शेजाऱ्याच्या घरात गेले माय," त्या म्हणाल्या.

मला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू. त्यांनी गुडघे दुमडले, पाय पोटाशी ओढून घेतले. साऱ्या गावाला धाकात ठेवणारी ती बाई भुईवर एवढीशी होऊन पडली.

"पाह्य बरं, मावते का?"

"मावता, आत्याबाई."

"मंग लिव त्याले," त्या पडल्या पडल्याच म्हणाल्या. "घेऊन जा म्हना."