गावदेवीचा राहिलेला नारळ

कराड स्टेशनात गाडी आली तरी सासूबाई ट्रंकेवरून उठायला तयार नव्हत्या. गाडी थांबणार घटकाभर. हे हमालावर ओरडतायत, निखिल तिसरीतला, तो भोकाड पसरून बसलाय, आणि ह्या ट्रंकेवर ठाण मांडून! शेवटी उठल्या, देवीचा चांदीचा टाक माझ्या ओटीत घातला, आणि गाडी हलली तशी खिडकीचा गज धरून चालत चालत म्हणाल्या, "पोरी, नव्या गावात आधी गावदेवीला नारळ दे, मग चूल पेटव. तिच्या शिवेत ऱ्हायचं तर तिला सांगून ऱ्हावं." पुढचं काही ऐकू आलं नाही. मी रडत होते, आणि खरं सांगायचं तर ट्रंक चढली की नाही याचीच मला जास्त काळजी होती.

बेंगळुरूला राजाजीनगरात भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या. पोर भुकेलेलं, तेव्हा आधी स्टोव्हच पेटला. दुसऱ्या दिवशी घरमालकांना मोडक्यातोडक्या हिंदीत गावदेवी विचारली, तर त्यांनी कोपऱ्यावरचा गणपती दाखवला. त्यालाच नारळ फोडून आले. हे म्हणाले, "अगं, गावदेवी गावाला असते. शहराला कार्पोरेशन असतं." मी हसले आणि विषय संपला.

गावाकडच्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही इथं येऊन सगळं विसरलो. विसरलो नाही हो. उलट जास्तच धरून बसलो. तुम्ही लग्नात डीजे लावायला लागलात तेव्हा आम्ही इथं मंडळाच्या हॉलमध्ये भारूड बसवत होतो, हळदीकुंकवाला फुगड्या घालत होतो. इथल्या तमट्याचा मात्र मला भारी राग. तमटे म्हणजे आपली हलगीच, पण चार-पाच जण मिळून वाजवायला लागले की खिडकीची तावदानं थरथरतात. दरवर्षी आमच्या रस्त्यावर मांडव पडायचा, तमटे घुमायचे, वर लाउडस्पीकर. निखिलची परीक्षा हमखास त्याच सुमाराला. मी खिडक्या लावून घ्यायची, फटीत जुनी लुगडी कोंबायची. कसला मांडव, कोणाचा, विचारायला कोण जातंय!

आता निखिलचं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, म्हणून आम्हीही तिथंच बाराव्या मजल्यावर. त्याने ऑफिसातली चैत्रा पसंत केली. मुलगी कन्नड, पण मराठी चांगलं बोलणारी, आणि गंमत म्हणजे आमच्या जुन्या घरापासून दोन रस्ते सोडून वाढलेली. मला ती आवडली. मला 'अत्ते' म्हणते, कन्नडमध्ये सासूला तसंच म्हणतात, ते 'आई'पेक्षा कानाला बरं वाटतं, उसनं वाटत नाही.

लग्न झालं आणि गोंधळाचा प्रश्न आला. आमच्याकडे लग्नानंतर देवीचा गोंधळ घातल्याशिवाय सून कुळात आली असं धरत नाहीत. तोवर तिने देवघराला हात लावायचा नाही, नैवेद्य करायचा नाही. गोंधळ गावातच व्हायचा, पण ह्यांचं बायपास झालेलं, डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केलेली. म्हटलं, इथंच घालू. कराडहून वन्सं आल्या, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. आल्या त्याच मुळी कपाळाला आठी घेऊन.

"परमुलखात गोंधळ पुरा हुतोय व्हय?" दारातच म्हणाल्या. "आन् मधनंच मोडला तर? अर्ध्या गोंधळाची सून मी देवाजवळ जाऊ देणार न्हाई, आधीच सांगते."

वन्संपुढे हे कायमच गप्प.

तेव्हा गोंधळाच्या संध्याकाळी माझा जीव किती टांगणीला लागला असेल बघा. पोर महिनाभर देवघराच्या उंबऱ्याबाहेरून नमस्कार करत होती, चकार शब्द न काढता. निखिल मात्र धुमसत होता. "आई, गोंधळ झाला नाही तर आम्ही वेगळं घर बघतो. तिला किती दिवस बाहेर उभी करणार?" तो बोलला तसं करणारा आहे. त्याच्या वडिलांसारखा नाही.

सोसायटीचा हॉल मिळाला तो नऊपर्यंत. सेक्रेटरी म्हणाले, "आंटी, नऊ म्हणजे नऊ. आणि आग नको." मी म्हटलं, दिवटीशिवाय गोंधळ कसा होईल? शेवटी बरीच हुज्जत घालून एक दिवटी चालेल, पण शेजारी आग विझवायचा लाल सिलेंडर घेऊन गार्ड उभा राहील, असं ठरलं. "स्वल्प अड्जस्ट माडी," ते म्हणाले, म्हणजे थोडं सांभाळून घ्या. मी म्हटलं, सरी, म्हणजे बरं.

गोंधळी भिकूदादा निपाणीकडचे, मराठी आणि कन्नड दोन्ही सारखंच बोलणारे. के. आर. पुरम स्टेशनला उतरले आणि रिंग रोडला अडकले. साडेसहाचा गोंधळ, सात वाजून गेले तरी पत्ता नाही. वन्सं घड्याळाकडे बघायच्या, मग माझ्याकडे. एकदाचे आले! भराभर चौरंगावर तांदळाचा चौक भरला, उसाची खोपटी उभी केली, टाक मांडला. संबळावर टिपरी पडली, तुणतुणं लागलं, आणि आई गं, अंगावर सर्रकन काटा आला. हॉलच्या फॉल्स सीलिंगखाली कराडचं अंगण आल्यासारखं झालं. ह्यांचे डोळे भरून आले.

गोंधळात आधी सगळ्या देवांना नाव घेऊन, गाव घेऊन बोलावतात. भिकूदादांनी तुळजापूरची घेतली, कोल्हापूरची घेतली, जेजुरीचा मल्हारी घेतला, आमच्या गावची जानाई घेतली. दरेक नावाला आम्ही हात जोडतोय. आणि मध्येच त्यांनी हात वर केला. संबळ थांबला.

"आता हितली," ते ह्यांना म्हणाले. "जिच्या शिवेत चौक मांडला ती. यजमान, गावदेवी सांगा."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी निखिलकडे. आयुष्य इथं काढलेलं, आणि एकाच्याही तोंडातून नाव निघेना! मंडळातले कोणी म्हणाले बनशंकरी, कोणी म्हणाले चामुंडी. भिकूदादा मान हलवत होते. "चामुंडी म्हैसुरची. तिला बोलवीन की, पण हिचा मान आधी." निखिलने फोन काढला.

"फोनातली नगं," भिकूदादा म्हणाले. "ज्याच्या घरनं तिला नारळ जातो, त्याच्या तोंडनं यायला पायजे. मालकिणीला न सांगता तिच्या अंगणात नाचायचं व्हय? मी पुढं वाजवणार न्हाई."

दिवटी भुरभुर जळतेय, गार्डाचा हात सिलेंडरच्या पिनेवर, दारात सेक्रेटरी मनगट वर करून दाखवतायत, साडेआठ होत आलेले. आणि वन्सं पदर खोचून उठल्याच. "झालं? म्हणलं हुतं न्हवं! मोडला गोंधळ. उचला चौक."

मी चैत्राकडे बघितलं. ती मळवट भरलेली, खाली मान घालून बसलेली, आणि तिचे ओठ हलत होते. आवाज मात्र नाही. सकाळीच वन्संनी तिला बजावलं होतं, "तू नुसतं हात जोडून बसायचं. आमच्या देवाच्या कामात तोंड घालायचं न्हाई." पोरीने शब्द पाळला होता, दुसरं काय?

मागे खुर्चीवर तिची आई, जयम्माअक्का, गोंधळलेली बसली होती. तिला मराठी येत नाही. इथं काय अडलंय हे तिला बिचारीला कळणार कसं? आम्ही सगळे आपापसात मराठीत तडफडतोय, आणि तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

मग मात्र माझं टाळकं सणकलं. मी वन्संच्या पुढ्यातून सरळ मागे गेले आणि भाजीवालीशी बोलते त्या कन्नडमध्ये विचारलं, "अक्का, ई ऊर देवते यारु?" म्हणजे या गावची देवी कोण.

अक्का ताडकन उठली. "अण्णम्मा!" तिने दोन्ही हात कपाळाला लावले. "नम्म अण्णम्मा ताई!" म्हणजे आमची अण्णम्मा आई. आणि मग चैत्रालाही तोंड फुटलं. "अत्ते, दरवर्षी आपल्या राजाजीनगरात येते ना ती. मूर्ती आणून मांडवात बसवतात, तमटे वाजतात. अम्मा दरवर्षी नारळ देते. तुमच्या घरावरूनच तर मिरवणूक जायची!"

बाई गं. खिडकीच्या फटीत लुगडी कोंबणारी मीच ती.

वन्सं तशाच उभ्या. मला वाटलं आता काहीतरी लागट बोलणार. त्या चैत्राकडे बघत म्हणाल्या, "तुज्या घरनं नारळ जातो?" चैत्राने मान हलवली. "मग गप का बसली हुतीस, सटवे?"

"तुम्हीच सांगितलं होतं, बोलू नको म्हणून," चैत्रा म्हणाली. चाचरत, पण म्हणाली.

वन्संनी चौकाजवळची तेलाची बुधली उचलली, दिवटीवर तेल घालायचा मान घरच्या थोरलीचा, म्हणजे वन्संचाच. ती बुधली त्यांनी चैत्राच्या हातात दिली. "घाल तेल. आन् हाक मार तिला. मोठ्यानं मार, हितं सगळी बहिरी हायत."

चैत्राने तेल घातलं. दिवटी भप्कन उजळली, गार्ड दोन पावलं मागे सरला. तिने कन्नडमधून हाक मारली, भिकूदादांनी ती उचलली, बेंगळुरूची अण्णम्मा गोंधळाला आली आणि संबळ असा काही कडाडला की सेक्रेटरी दारातच चपला काढून आत आले. नऊ वाजून गेले. कोणी घड्याळ बघितलं नाही. आरतीचं तबक चैत्राने धरलं, आणि टाक देवघरात परत तिनेच ठेवला.

रात्री वन्सं मला म्हणाल्या, "काखेत कळसा आन् गावाला वळसा, वैनी. आईनं तुला स्टेशनात काय सांगितलं हुतं?"

मी म्हटलं, "आठवतंय." आणि मग मला रडू आवरेना. त्याही रडल्या, पण तोंड भिंतीकडे करून.

इथं आलेल्यांनो, तुम्हालाही सांगते. घर म्हणजे काय ते मी फार दिवस कराडच्या दिशेला तोंड करून शोधलं. टाक होता, गोंधळ होता, भारूडं होती, सगळं बरोबर आणलं होतं. फक्त ज्या घरात आणलं त्या घराच्या मालकिणीला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, वन्सं, चैत्रा आणि जयम्माअक्का मॅजेस्टिक बसस्टँडजवळच्या अण्णम्माच्या देवळात गेलो. बाहेर तमटे वाजत होते, आणि कान न झाकता मी नारळ दिला. घरी येईतो बारा वाजले होते. सकाळपासून चूल पेटली नव्हती, कोणाच्या पोटात काही नव्हतं, माझ्याच हट्टाने. चैत्रा स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच विचारलं, "अत्ते, गॅस पेटवू?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "थांब, आज मी पेटवते."