रिलीव्हर आला

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मी एकतीस वर्षं बॉयलरवर शिफ्ट केली. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता प्रभूकडून काहीतरी काम येईल. चर्चमध्ये लोक उभे राहून साक्ष देत की मला हाक आली, मला पाठवलं. मी कान देऊन बसायचो. अशी दोन वर्षं बसलो, काही ऐकू आलं नाही. हाक मारायच्या यादीत आपलं नावच नसावं, असं म्हणून मी तो विषय मिटवून टाकला. वाईट वाटायचं, पण ते बायकोलाही कधी बोललो नाही.

कापणीच्या सणाच्या उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, पेठकडच्या एका पाड्यावर रविवारची उपासना चालवायला कोण जाईल? तिथले प्रचारक लहानूबाबा आजारी होते. सगळे खाली बघत होते. माइक मात्र मघापासून घरघरत होता. अर्थिंग ढिलं आहे हे मला बसल्या जागी कळत होतं, आणि तेवढंच दाखवायला मी हात वर केला. "देवाची स्तुती असो!" पाळकसाहेब म्हणाले, आणि टाळ्या वाजल्या. आता भर सभेत कोण सांगणार की अहो, मी वायरचं बोलतोय! पुढच्या रविवारी वडीलमंडळींनी माझ्या डोक्यावर हात ठेवून, प्रार्थना करून मला रीतसर पाठवलं. मी मान खाली घालून उभा होतो. हा मान आपण फुकट लाटतोय, एवढंच मनात होतं.

शनिवारी दुपारी एसटीने गेलो, शेवटचे दोन-तीन किलोमीटर चाललो. लहानूबाबा ओट्यावर पाय लांब करून बसले होते. साखरेचा आजार. पायाला फडकं गुंडाळलेलं, दोन बोटं काळी पडलेली, वास येत होता. त्यांची बायको काशीबाई म्हणाली, "डागदर म्हनला, आजून उशीर केला तर पाय जाईल. जीपवाला दोनदा येऊन गेला. हे उठतच नायत. म्हनत्यात, माज्या मागं प्रार्थना कोन घेईल?"

मी म्हटलं, "बाबा, मी आलोय ना. निघा तुम्ही."

"तुमी पाव्हनं," ते म्हणाले. "तुमाला हितलं काय ठावं?"

मला रागच आला. पाय सडतोय आणि म्हातारा हट्ट धरून बसलाय! पण मग आठवलं, एकदा माझा रिलीव्हर आला नव्हता. घरी मुलगा तापाने फणफणला होता, तरी मी बॉयलर सोडून उठलो नव्हतो. मी बाबांना ते सांगितलं. म्हटलं, रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो नुसता येऊन चालत नाही. काय चालू, काय बंद, कुठे गळतंय, सगळं विचारून त्याने वहीत सही केली की मगच आधीचा सुटतो. मग मी खिशातली डायरी काढली आणि म्हटलं, "सांगा. घरागणिक सांगा."

त्यांनी हाताने मला ओट्यावर बसायची खूण केली. मग बोलू लागले. "वरच्या घरची म्हातारी बहिरी हाय, तिला पुढं बसवा. कडंच्या दोघा भावांचं बोलनं बंद हाय, दोघांसाठी प्रार्थना करा, पर नावं संगं घेऊ नका. सुनंदाला पोर नाय, तिच्यापुढं जपून बोला." असं तासभर. शेवटी मी खाली लिहिलं, 'चार्ज घेतला', वेळ टाकली, सही केली आणि त्यांना वाचून दाखवलं.

"काशे," बाबा म्हणाले, "जीपवाल्याला बोलाव." तेव्हा मला रडू आलं. कशाचं, ते अजून नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी माझं प्रवचन काही धड झालं नाही. डायरी उघडून मी एकेका घरासाठी प्रार्थना केली, एवढंच. नाशिकला बाबांची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला.

महिन्याभराने मी पाळकसाहेबांपाशी त्या वर केलेल्या हाताची खरी गोष्ट कबूल केली. ते शांतपणे म्हणाले, "घरघर मलाही ऐकू येत होती हो. पण दुसरा हातच वर झाला नव्हता." आधी संताप आला, मग हसू आलं. माइकचं अर्थिंग मी त्याच दिवशी नीट करून दिलं.

हाक कशी असते हे मला आजही ठाऊक नाही. ती ऐकू आल्याशिवाय निघायचं नाही, हा माझा हट्ट मात्र सुटला. ज्याने मला न विचारता कामाला लावलं, त्या प्रभूचे दर शनिवारी एसटीत बसल्यावर मी आभार मानतो.

लहानूबाबा आता काठी टेकत उपासनेला येतात, पुढे बहिऱ्या म्हातारीशेजारी बसतात. परवा मी त्यांच्यापुढे डायरी धरली. म्हटलं, "बाबा, आता बरे झालात. चार्ज परत घेता का?"

"नाय," ते म्हणाले. "तुमचा रिलीव्हर येऊ द्या."